धरणातलं पक्ष्यांचं खातं



पत्रिकेतला विषय वाचून दोघांनी मला आल्या आल्या विचारलं, “म्हणजे तुम्ही धरणाच्या बाजूचे की विरोधातले?” पाण्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडे हे विचारलं जातं. उत्तरासाठी तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. मी धरणाच्या हिशेबवहीच्या बाजूचा आहे. धरण बांधून झालेलं आहे. त्यातलं पाणी कोणाच्या नावावर किती पडतं, आणि ज्याला अर्ज करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, त्याच्या नावावर काही पडतं का, एवढंच मला पाहायचं आहे.

गोदावरीवर बोललो असतो तर नाशिकच्या श्रोत्याने एक ऐकलं असतं आणि संभाजीनगरच्या श्रोत्याने दुसरंच. म्हणून आज मुद्दाम अशी नदी घेतली आहे, जिच्या पाण्यावर या सभागृहातल्या कोणाचाही ऊस उभा नाही. ती म्हणजे अमेरिकेतली प्लॅट.

या नदीच्या दोन शाखा. दोन्ही कोलोरॅडोच्या डोंगरांत उगम पावतात. उत्तर प्लॅट वायोमिंग राज्यातून मोठा वळसा घालून येते. दक्षिण प्लॅट डेन्व्हर शहराच्या अंगणातून जाते. नेब्रास्का राज्यात दोघी एकत्र येतात आणि तिथून प्लॅट पूर्वेला वाहत जाऊन मिसुरी नदीला मिळते. म्हणजे राज्यं तीन आणि नदी एक. पुढचं भांडण तुम्हाला सांगायला नको.

पूर्वीच्या प्लॅटचं वर्णन ‘मैलभर रुंद आणि इंचभर खोल’ असं करत. इंच ही अतिशयोक्ती, मैल मात्र बऱ्याच ठिकाणी खरा. डोंगरातला बर्फ मे-जूनमध्ये वितळायचा आणि पूर यायचा. तो पूर वाळू उचलायचा, पसरायचा, बेटं रचायचा आणि मोडायचा. वाळूवर रुजलेली कॉटनवुड आणि विलोची रोपं त्यात उपटून जायची. त्यामुळे पात्र उघडं, सपाट आणि झाडांवाचून राहायचं. हे ‘झाडांवाचून’ लक्षात ठेवा. नदीकाठी झाडं लावणं हे आपल्याकडे पुण्यकर्म आहे, त्याचे फोटोही निघतात. या नदीचं दुखणं मात्र नेमकं झाडांपासून सुरू झालं.

ते कसं? १९०९ साली उत्तर प्लॅटवर पाथफाइंडर धरण झालं. मग ग्वर्नसी, अल्कोव्हा, सेमिनो. १९४१ साली नेब्रास्कात किंग्जली धरण आणि त्यामागचा मॅकॉनही जलाशय, साठा साधारण ७६ टीएमसी. कोयनेशी ताडून पाहा, म्हणजे अंदाज येईल: कोयनेच्या पाऊण हिश्श्याला थोडा कमी. त्यानंतर १९५८ साली ग्लेंडो. बर्फाचं पाणी अडलं, कालव्यांत गेलं, मक्याला लागलं. हजारो कुटुंबं त्यावर उभी राहिली, हेही स्वच्छ सांगितलं पाहिजे. पण जूनचा पूर येईनासा झाला. वाळू धरणांच्या पोटात अडकली. खाली पात्रात रुजलेली रोपं उपटायला कोणी उरलं नाही, त्यांची झाडं झाली, आणि काही पट्ट्यांत नदीची रुंदी पूर्वीच्या दहाव्या भागावर आली. नकाशावर ती निळी रेघ तशीच होती. पात्र मात्र जंगलाने खाल्लं होतं.

आता पक्ष्यांकडे येऊ.

दर वसंतात, फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, पाच लाखांहून अधिक सँडहिल क्रौंच नेब्रास्कातल्या प्लॅटवर थांबतात. दिवसा मक्याच्या शेतात सांडलेले दाणे टिपतात, रात्री नदीतल्या उथळ पाण्यात उभ्याने झोपतात. चोहीकडे पाणी आणि मोकळी नजर असली की कोल्हा-कोयोट जवळ येण्याआधी चाहूल लागते. हे क्रौंच संकटात नाहीत. त्यांचे उंच, पांढरे नातलग, हूपिंग क्रौंच, मात्र होते. कॅनडातल्या वुड बफेलोहून टेक्ससमधल्या अ‍ॅरान्ससपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर ये-जा करणाऱ्या त्यांच्या थव्यात १९४१च्या हिवाळ्यात पंधरा-सोळा पक्षी उरले होते. एका जातीचे पंधरा-सोळा! या सभागृहाच्या पहिल्या रांगेत मावले असते.

त्यांच्या जोडीला आणखी तिघे. लीस्ट टर्न, आपल्या नदी सुरयाचं धाकटं भावंड म्हणा. पायपिंग प्लव्हर, आपल्या कंठेरी चिखल्याच्या नात्यातला. आणि खालच्या प्लॅटमध्ये येणारा पॅलिड स्टर्जन मासा. दोन्ही छोटे पक्षी उघड्या वाळूवर, घरट्याच्या नावाखाली नुसता खळगा करून अंडी घालतात. वाळू झाडांनी झाकली की जागा गेली. अंड्यांवर असताना कोणी विचार न करता धरणातून पाणी सोडलं की पिढी गेली. आपल्या सुरयाचंही हेच होतं. उन्हाळी आवर्तन सुटताना त्याच्या अंड्यांचा विचार कोण करतं?

इथवर गोष्ट ओळखीची आहे: धरण झालं, जीव संकटात आला. पुढे जे घडलं ते मात्र आपल्याकडे घडलेलं नाही. ते का घडलं?

कारण कायदा. अमेरिकेने १९७३ साली संकटग्रस्त जीवांचा कायदा केला. त्यातल्या एका कलमाचा अर्थ असा, की केंद्र सरकारची परवानगी, पैसा किंवा जमीन ज्या प्रकल्पाला लागते, तो प्रकल्प एखाद्या जातीचं अस्तित्व धोक्यात आणत नाही याची खात्री आधी करावी लागते. वाचायला सौम्य वाटतं. त्याचे दात दिसले १९७८ साली, टेनेसी राज्यातल्या टेलिको धरणाच्या खटल्यात. धरण जवळजवळ पूर्ण झालेलं, दहा कोटी डॉलरवर खर्च झालेला, आणि स्नेल डार्टर नावाचा बोटभर मासा आडवा आला. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी माशाच्या बाजूने निकाल दिला. हाहाकार झाला. संसदेने कायद्यात बदल करून एक उच्चाधिकार समिती नेमली, जिला सूट देता येईल. लोक तिला ‘देवमंडळ’ म्हणू लागले, कारण कोणी जगायचं ते तिच्या हाती. गंमत पाहा: त्या समितीने १९७९च्या जानेवारीत टेलिकोला सूट एकमताने नाकारली. माशाच्या प्रेमापोटी नव्हे. उरलेला थोडा खर्चसुद्धा या धरणाच्या फायद्यातून निघणार नाही, असा अर्थशास्त्र्यांचा हिशेब होता. त्यावर संसदेने दुसऱ्याच एका विधेयकाला शेपूट जोडून धरण पुरं करून घेतलं. मासे इतर नद्यांत नेऊन सोडले होते, आणखीही काही ठिकाणी सापडले, आणि २०२२ साली तो मासा संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. धरणाच्या नफ्यातोट्याबद्दल मात्र आता कोणी बोलत नाही.

त्याच बैठकीत देवमंडळासमोर दुसरं प्रकरण होतं, आणि आपली नदी तिथे येते. वायोमिंगमधल्या लॅरमी नदीवर, म्हणजे प्लॅटच्या उपनदीवर, एका कोळशाच्या वीज केंद्रासाठी ग्रेरॉक्स धरण बांधलं जात होतं. खालच्या नेब्रास्काने दावा लावला. १९७८ साली तडजोड झाली: धरण होऊ द्या, पण प्रकल्पवाल्यांनी क्रौंचांच्या अधिवासासाठी ७५ लाख डॉलरचा न्यास उभा करायचा. न्यास उभा राहिला आणि त्याने नदीकाठच्या जमिनी घेऊन राखल्या. धरण आणि पक्षी एकाच कागदावर आले ते असे, भांडणातून.

आता मॅकॉनही. त्या योजनेच्या वीजनिर्मितीचा केंद्रीय परवाना १९८७ साली संपला. नवा परवाना मिळायला अकरा वर्षं लागली. अकरा वर्षं! प्रत्येक जण आपापला वकील घेऊन बसला होता. पण खरी भीती वेगळी होती. वायोमिंगची धरणं केंद्राची, डेन्व्हरच्या काही जलवाहिन्यांना केंद्राच्या वनजमिनीची परवानगी लागते, नेब्रास्काला वीज परवाना हवा. प्रत्येकाला एकेकटं कायद्यासमोर उभं राहावं लागणार होतं, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या थेंबापर्यंत जाब विचारला जाणार होता. तेव्हा तिन्ही राज्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: एकेकट्याने मरण्यापेक्षा एकत्र वर्गणी काढू. १९९७ साली तीन राज्यपाल आणि केंद्रीय गृह खात्याचे मंत्री यांनी करारावर सह्या केल्या. या खात्याकडे तिथे वन्यजीव आणि सार्वजनिक जमिनी असतात, पोलीस नव्हेत. या जीवांना सावरण्याचा प्रत्यक्ष कार्यक्रम १ जानेवारी २००७ला सुरू झाला. त्याच्या कार्यकारी समितीत पाणी वापरणारे शेतकरी-शहरं आणि पर्यावरण संस्था दोघेही मताधिकाराने बसतात, आणि काम बहुमताच्या रेट्याने नाही, जवळजवळ एकमताने चालतं.

वर्गणी किती? वर्षाला १ लाख ३० हजार ते १ लाख ५० हजार एकर-फूट पाणी, म्हणजे साडेपाच ते साडेसहा टीएमसी, आणि दहा हजार एकर जमीन. जमीन विकणारा राजी असेल तरच घ्यायची. ती लवकर मिळाली. पाण्याचं तसं नव्हतं. तीन राज्यांनी तीन प्रकारे आपला हिस्सा दिला आणि त्या तिन्ही युक्त्या पाहण्यासारख्या आहेत.

वायोमिंगने पाथफाइंडर निवडलं. शंभर वर्षांत त्यात गाळ बसून साठा घटला होता. सांडवा अडीच फुटांच्या आतबाहेर उंच केला आणि गेलेली सुमारे ५४ हजार एकर-फूट जागा परत मिळवली. त्यातली ३४ हजार, जवळपास दीड टीएमसी, पक्ष्यांच्या नावावर, उरलेली शहरांच्या नावावर. डावीकडे बसलेल्या माझ्या अभियंता मित्रांना हे विशेष सांगतो. तिथे पर्यावरणासाठी धरणाच्या सांडव्याची उंची वाढवली!

कोलोरॅडोची तऱ्हा निराळी. राज्याच्या सीमेजवळ टॅमरॅक नावाचं कुरण आहे. नदीला पाणी जास्त असतं तेव्हा काठच्या विहिरींतून ते उपसतात आणि नदीपासून दूरच्या खड्ड्यांत सोडतात. ते जमिनीत मुरतं, वाळूतून हळूहळू झिरपतं आणि काही महिन्यांनी, नदी आटलेली असताना, पुन्हा पात्रात उतरतं. किती दूरच्या खड्ड्यात सोडलं तर किती महिन्यांनी पोचेल, याचं गणित मांडलेलं आहे. भिंत नाही, विस्थापन नाही, बाष्पीभवनही थोडंच. पाझर तलाव आपणही काढले. पण कोणत्या महिन्यात नदीला पाणी हवं ते आधी ठरवून कोणता तलाव कुठे खणायचा, हे आपण कधी केलं?

आणि नेब्रास्काने मॅकॉनहीत एक खातं उघडलं. अलंकारिक बोलत नाही, त्याचं नावच ‘पर्यावरण खातं’ आहे. ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत जलाशयात साठवण्याजोगं जे पाणी येतं त्याचा दहावा भाग या खात्यात जमा होतो. खर्च करायला केंद्राच्या वन्यजीव खात्याचा एक अधिकारी नेमलेला आहे. पाणी केव्हा सोडायचं, किती सोडायचं ते तो सांगतो. शेतकऱ्याचं पाणी शेतकऱ्याच्या नावावर, याचं याच्या नावावर. शिल्लक पुढच्या वर्षी ओढता येते, तिला वरची मर्यादा आहे.

मला या साऱ्या कहाणीत मोलाचं वाटतं ते हे खातं. आपल्याकडे ‘पर्यावरणीय प्रवाह’ हा शब्द आला की एक टक्केवारी येते. गंगेसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८मध्ये अधिसूचना काढली, वरच्या टप्प्यात कोरड्या महिन्यांत २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के वगैरे. चांगलं पाऊल आहे, मी नाकारत नाही. पण टक्केवारीला हात-पाय नसतात. मार्चमध्ये विसर्ग कमी झाला, तर कोणत्या माणसाने कोणत्या माणसाला फोन करायचा? प्लॅटवर त्या माणसाला पद आहे, खातं आहे, खात्यात पाणी आहे.

करारात आणखी एक अट होती, कमी बोलली जाणारी पण कडक. १ जुलै १९९७ नंतर जो कोणी नवा उपसा करेल, विहिरीने असो वा धरणाने, त्यामुळे नदीत पडणारी तूट त्याच्या राज्याने भरून द्यायची. जुन्यांना हात लावला नाही, नव्यांना फुकट मिळालं नाही. नेब्रास्काने २००४ साली यासाठी भूजलाचे नियम बदलले. विहीर खणायची मुभा म्हणजे नदीच्या पाण्याचीच मुभा, हे एका शेतीप्रधान राज्याच्या विधिमंडळाने मान्य करायला केवढी छाती लागते!

मग सगळं गोड झालं का? नाही. खरी शिकवण इथून पुढे आहे.

कार्यक्रमाचा मूळ विश्वास असा होता, की धरणातून दोन-चार दिवस मोठा विसर्ग सोडला की छोटा पूर येईल, वाळूची बेटं रचली जातील आणि टर्न-प्लव्हर तिथे अंडी घालतील. कल्पना सुंदर. वैज्ञानिकांनी मात्र ती तपासायची ठरवली. वर्षानुवर्षं मोजमाप केलं आणि निष्कर्ष निघाला, की असा पूर जी बेटं रचतो ती घरट्यांना पुरेशी उंच होत नाहीत. हे पक्षी घरटी करत होते कुठे? नदीबाहेर, वाळू-खडी काढून झालेल्या जुन्या खाणींच्या काठी. मग कार्यक्रमाने तशा जागा घेतल्या, राखल्या, आणि जोड्या वाढल्या. हूपिंग क्रौंचांचंही असंच. त्यांना पाणी लागतं, पण त्याहून ते पाहतात मोकळी रुंदी आणि झाडांपासूनचं अंतर. म्हणजे पाण्याइतकीच कुऱ्हाड महत्त्वाची ठरली. पात्रातली झाडं कापली, परदेशातून आलेलं फ्रॅग्माइट्स हे बेशरमासारखं माजणारं बोरू-गवत औषध मारून हटवलं.

विचार करा, ज्यांनी पाण्यासाठी दहा वर्षं भांडण केलं त्यांना त्यांचेच वैज्ञानिक सांगत होते की तुमचं पाणी या कामाला तितकंसं उपयोगी नाही. आपल्याकडे असा अहवाल कपाटात गेला असता. तिथे तो छापला आणि त्यावर पुढचे प्रयोग आखले. आता जूनमध्ये थोडा विसर्ग वाढवून ओल्या वाळूवर नवी रोपं रुजूच द्यायची नाहीत, हे ते आजमावत आहेत.

वाळूची गोष्ट तर ऐकाच. मॅकॉनही योजनेच्या जलविद्युत केंद्रातून नदीत परत येणाऱ्या पाण्यात वाळू नसते. असं भुकेलं पाणी पात्र खरवडतं आणि नदी खोल, अरुंद होते. उपाय काय? बुलडोझर लावून दरवर्षी हजारो टन वाळू नदीत ढकलतात. पैसे देऊन वाळू नदीत टाकणारी माणसं! आपल्या वाळूमाफियांना तिकडची सहल घडवायला हवी.

आणि अडकलं कुठे? नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅट नावाच्या शहरापाशी. तिथे पात्र गवताने आणि वाळूने इतकं भरलंय, की ठरलेला विसर्ग सोडला तर लोकांच्या घरांत पाणी शिरेल. खात्यात पाणी आहे, पण गेटपासून पक्ष्यांपर्यंत न्यायची वाट अरुंद आहे. खाली नवे छोटे जलाशय बांधून पाणी जवळ साठवायची योजना निघाली, खर्चाचा अंदाज इतका फुगला की ती सोडून द्यावी लागली. पाण्याचं उद्दिष्ट पहिल्या तेरा वर्षांत पुरं झालं नाही. म्हणून २०१९च्या अखेरीस संसदेने मुदत २०३२पर्यंत वाढवली.

माझ्या उजवीकडच्या पक्षिमित्रांना इथे टोचत असेल. बुलडोझरने वाळू, फवारणीने गवत, कॅलेंडर पाहून पूर. याला नदी म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. जुनी प्लॅट परत आलेली नाही, येणारही नाही. हूपिंग क्रौंच आज पाचशेच्या वर गेलेत, पण त्याचं श्रेय या कार्यक्रमाला देणं म्हणजे लबाडी. शिकारबंदीचं आणि टेक्ससमधल्या राखीव पाणथळीचं ते श्रेय आधी आहे, आणि सगळे क्रौंच प्लॅटवर उतरतही नाहीत. देशाच्या अंतर्भागातला लीस्ट टर्न २०२१ साली यादीतून बाहेर आला, तोही अनेक नद्यांवरच्या कामामुळे. उलट मॅकॉनही जलाशय खाली गेला की त्याच्या उघड्या पडलेल्या वाळूवर प्लव्हर हौसेने अंडी घालतात, आणि पाणी चढलं की ती बुडतात. धरणाने पक्षी हाकलले आणि धरणानेच बोलावले, असा हा गुंता.

तरीही मी या करारामागे उभा आहे. ऑगस्टमध्ये नदी आटते तेव्हा सोडायला पाणी असतं, ते धरण आहे म्हणून. आणि ते सोडलं जातं, ते खातं आहे म्हणून. या दोहोंतलं एकच असून भागत नाही.

करार टिकेल का? १९२३च्या दक्षिण प्लॅट कराराचा आधार घेऊन नेब्रास्काला आता पर्किन्स परगण्याचा कालवा काढायचा आहे, कोलोरॅडोच्या हद्दीतून, हिवाळी पाण्यावर. जुलै २०२५मध्ये नेब्रास्काने कोलोरॅडोवर थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. जे पक्ष्यांसाठी एका टेबलाशी बसतात, तेच दुसऱ्या दालनात एकमेकांचे प्रतिवादी आहेत. कालव्यात वळलेलं पाणी पुढे नदीत केव्हा आणि कुठे परततं, त्यावर पक्ष्यांच्या खात्यातली शिल्लकही हलेल.

आता घराकडे. आपल्याकडे २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे. त्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमावरून दरवर्षी १५ ऑक्टोबरचे आकडे पाहिले जातात आणि वरच्या धरणांनी जायकवाडीला किती सोडायचं ते ठरतं. म्हणजे वरचा-खालचा हिशेब मांडायची सवय आपल्याला लागलेली आहे. कालवा सल्लागार समितीत पिण्याचं, शेतीचं, उद्योगाचं पाणी मांडलं जातं, बाष्पीभवनाचीही वजावट होते. उन्हाला आपण हिस्सा देतो. जायकवाडीचा नाथसागर जलाशय पक्षी अभयारण्य आहे, पण अभयारण्याच्या नावावर त्या तक्त्यात रकाना नाही.

माझी मागणी लहान आहे. एक धरण निवडा. नवं नको, गाळ बसलेलं जुनंच. गाळ काढून किंवा सांडवा दुरुस्त करून जी जागा परत मिळेल, तिचा ठरावीक भाग खालच्या नदीच्या नावावर लिहा. ते पाणी मागायचा अधिकार एका अधिकाऱ्याला द्या, आणि समितीच्या बैठकीत त्याला खुर्ची द्या. पहिली पाच वर्षं पाणी सोडा आणि मोजा: डोहात मासे किती राहिले, वाळूवर सुरयाची घरटी किती झाली. उपयोग झाला नाही असं दिसलं, तर तेही छापा. किती टीएमसी, असं आता कोणीतरी विचारणार. अर्ध्यापासून सुरुवात करू. टॅमरॅकचा वाटा तेवढाही नव्हता.

आता प्रश्न घेऊ. अभियंता मंडळींनी आधी विचारावं, त्यांची यादी मोठी दिसते आहे.